प्रकरण अकरावे : सलग फळी

उभी हयात वकिलीत गेल्यामुळे थोरल्याला घरात चार शब्द बोलायचे तरी समोर टेबल लागे. म्हणून बैठक भरली ती खाली दुकानात, बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या काउंटरभोवती. शटर अर्धं वर केलेलं, खुर्च्या वरच्या मजल्यावरून उतरवलेल्या, आणि काउंटरच्या मधोमध थोरल्याचा मोबाइल उताणा ठेवलेला. आईला मधलीने काउंटरमागे तिच्या जुन्या जागी बसवलं होतं. पूर्वीचं उंच स्टूल आता धोक्याचं, म्हणून हातांची खुर्ची आणि तिच्यावर चादरींच्या घड्या. आईने दोन्ही तळहात काउंटरवर टेकले आणि दुकान उघडल्याच्या थाटात रस्त्याकडे पाहिलं.

"गर्दी नाही आज," ती म्हणाली.

"सुट्टी आहे, आई," धाकटा म्हणाला.

"तरीच."

उद्या सकाळी सांभाळघराची गाडी आईला न्यायला येणार होती. तिथल्या मेट्रनबाईंनी फोनवर बजावलं होतं, की औषधपाणी आम्ही बघू, पण त्यांच्या आठवणी तुम्ही द्या. पूर्वीचं काय काय, हसतात कशावर, भितात कशाला, सगळं घरच्यांच्या आवाजात बोलून पाठवा. आमच्या मुली ऐकतील, त्यांनाही ऐकवतील. तुम्ही जे सांगाल तेवढंच आम्हाला कळणार. आणि सुरुवातीला काही दिवस भेटायला येऊ नका, म्हणजे त्या लवकर रुळतील.

'तुम्ही जे सांगाल तेवढंच' हे वाक्य मधलीच्या मनातून जात नव्हतं. आई स्वतःबद्दल आता काही सांगू शकत नव्हती. उद्यापासून परक्या माणसांच्या लेखी आई म्हणजे आज त्या मोबाइलमध्ये जे शिरेल ते. काही राहून गेलं तर ते कायमचं राहून जाणार होतं, आणि त्याची शिक्षा भोगणार आई.

"मला हे मुळातच पटलेलं नाही," धाकट्याने सुरुवातीलाच खुर्ची मागे सरकवली. तो मालवाहू जहाजावर आचारी होता. घरात त्याला खलाशी म्हणत. वर्षातून एकदा यायचा, बॅगा भरून वस्तू आणि डोळे भरून पाणी घेऊन. "जिवंत आई परक्यांच्या हवाली करायची? आपल्याला झोप तरी लागेल का?"

"तुझी झोप तर समुद्रावर असते," थोरला म्हणाला.

"दादा, चेष्टा नको. ताई आहे ना इथं. ताईच्या हाताखाली एखादी बाई देऊ. निदान घर तरी ओळखीचं राहील आईला."

मागे एकदा दुपारी मधलीचा जरा डोळा लागला, तेवढ्यात आईने इस्त्री लावून चादरीवर पालथी ठेवली होती, आणि मधलीला जाग आली ती धुराने. त्याच्या आधी आई दुकान उघडायला म्हणून जिन्यावरून निघाली आणि मनगट मोडून बसली. मधलीची स्वतःची कंबर तर केव्हाच गेली होती. 'मला आता होत नाही' हे एवढंसं वाक्य तोंडातून काढायला तिला वर्ष लागलं, आणि काढल्यावर कोणी 'असं कसं' म्हणूनही वाद घातला नाही. त्याचंही तिला लागलं होतं, खोटं कशाला बोला.

उत्तर दिलं ते थोरल्याच्या बायकोने, वहिनीने. "भाऊजी, मग तुम्हीच घेऊन जा ना आईंना जहाजावर. स्वयंपाकघरात बसतील, बटाटे सोलतील."

"वहिनी, तुम्ही यात पडू नका. हा आम्हा भावंडांचा प्रश्न आहे."

"त्या इस्त्रीच्या दिवशी चप्पल न घालता धावत आले ती मी. तेव्हा नाही कुणी म्हणालं, भावंडांचा प्रश्न आहे. तुम्ही फोनवर रडत होतात. दुरून रडायला काय लागतं, भाऊजी? रेंज असली की झालं."

धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने आधारासाठी थोरल्याकडे पाहिलं, तर थोरला चष्मा पुसण्यात दंग. मधलीने मात्र वहिनीकडे नवलाने बघितलं. ही बाई मुख्याध्यापिका. घरातही घंटा झाल्यासारखी बोले आणि मधलीला कायम मागच्या बाकावर बसवी. आपली बाजू घेणारं या घरात कोणी असलंच तर ते हिच्या रूपात निघावं, असं मधलीला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आईने बोटांच्या पेरांनी काउंटरवर दोनदा वाजवलं. टक टक. मधली उठली, आईसमोरचा रिकामा कप उचलला, मागच्या मोरीत ठेवला आणि परत जागेवर येऊन बसली. कोणाचं लक्ष गेलं नाही. तिचं स्वतःचंही नाही.

त्या काउंटरची मोठी गंमत होती. दुकानाच्या मधोमध लाकडी भिंत, भिंतीच्या बाहेर आईचं काउंटर आणि आत मधलीचं इस्त्रीचं टेबल. पण वडिलांनी दोन्हीसाठी मिळून एकच लांबलचक फळी भिंतीतून आरपार घातली होती. आत मशिनं धडधडू लागली की हाक मारून उपयोग नसे. मग आई बाहेरून फळीवर वाजवी आणि आत मधलीच्या तळहातांना ते कळे. दोनदा वाजलं म्हणजे ये, उचल. मधली आतून एकदा वाजवी, म्हणजे आले. शाळा सुटल्यावर हाताला हात म्हणून सुरू झालेलं हे काम तिचे केस पिकेपर्यंत चाललं. पुढे वडील गेले, दुकान बंद झालं, मशिनं भंगारात निघाली, आईचं एकेक विसरत गेलं. पण आई जेवणाच्या टेबलावर, पलंगाच्या काठावर, ताटाच्या कडेवर दोनदा वाजवी, आणि मधली उठे. आपण का उठलो हे कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं.

"चला, सुरू करतोय," थोरल्याने मोबाइलवर बोट टेकवलं आणि घसा साफ केला. "मी थोरला मुलगा बोलत आहे. सदरची आठवण ही..."

"अहो, आरोपपत्र वाचताय का? माणसासारखं बोला की," वहिनी म्हणाली.

मग थोरला माणसासारखं बोलला. त्याने हॉटेलच्या टेबलक्लॉथची गोष्ट काढली. ही गोष्ट म्हणजे घरचं रत्न. मोठ्या हॉटेलचे पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ धुवायला आलेले, त्यात कुणाचा तरी एक लाल मोजा गेला, आणि सगळे कपडे गुलाबी होऊन निघाले.

"मोजा दादाचा होता," धाकटा मध्येच म्हणाला.

"तुझा होता. मी शपथेवर सांगायला तयार आहे."

"माझ्या पायाला बसला तरी असता का तो?"

आई खुदकन हसली. मग तिला हसू आवरेना. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. "गुलाबी!" ती म्हणाली. "हॉटेलवाला म्हणतो, बाई, माझ्याकडे माणसं जेवायला येतात, बाहुल्या नाही!"

सगळे हसले. मधलीही हसली. आई अशी हसली की घर क्षणभर जागच्या जागी येऊन बसे. दोघा भावांचं भांडण मिटून ते एकमेकांचे हात धरून आईला पुढचं विचारू लागले.

"मग गं, आई? मग काय झालं?"

"मग सगळे पांढरे झाले. दुधासारखे."

"कसे झाले पण?"

"झाले," आई म्हणाली.

मधलीने आपले हात मांडीवर घेतले. दोन दिवस ती त्या हौदाशी उभी होती. एकेक कापड ब्लीचमध्ये बुडवायचं, पिळायचं, उजेडाला धरायचं, पुन्हा बुडवायचं. बोटांची सालं निघाली होती आणि पुढे कितीतरी दिवस तिला वाटीसुद्धा नीट धरता येत नव्हती. थोरल्याची तेव्हा परीक्षा होती, धाकटा मैदानावर होता. तिने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर गोष्टीची मजा गेली असती.

मग धाकट्याची पाळी आली. तो पहिल्यांदा जहाजावर निघाला, तेव्हा आईने त्याचे सहाही सदरे स्वतःच्या हाताने खळ घालून कडक केले, आणि ते इतके कडक झाले की जहाजावर सगळे त्याला पुठ्ठा म्हणू लागले. आई त्याचा गाल कुरवाळत राहिली. "हा माझा धाकटा," ती म्हणाली, "आणि हा थोरला. दोघंही शहाणे."

"आणि ही कोण, आई?" वहिनीने मधलीच्या खांद्यावर हात ठेवला.

आईने मधलीकडे निरखून पाहिलं. कपडा उजेडाला धरून डाग शोधावा, तशी ती बघत होती. मधलीचा जीव कानांत गोळा झाला. गेली दोन-अडीच वर्षं ती जिला न्हाऊ घालत होती, भरवत होती, जिच्या शेजारी झोपत होती, तिच्या तोंडून एकदा, नुसतं एकदा ऐकायला मिळावं, एवढीच तिची मागणी होती.

"ही बाई," आई म्हणाली. "कामाला चोख आहे. फार गप्प, पण चोख."

"मुलगी नाही का तुम्हाला?"

"मला दोन मुलगे."

थोरल्याने घाईघाईने रेकॉर्डिंग थांबवलं. "हे काढून टाकता येतं," तो हळू म्हणाला. "तेवढाच तुकडा."

"हो, काढून टाक," मधली म्हणाली. "कशाला उगाच." आवाज सरळ राहिला, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"ताई, तिला कळत नाही गं," धाकट्याचे डोळे नेहमीप्रमाणे भरले.

"मला कळतंय ना, पण."

वहिनी म्हणाली, "मधले, तू सांग ना एखादी आठवण. तुझ्या आवाजातली. तुझी आणि आईंची."

मधलीने मनापासून आठवून पाहिलं. थोरला शिकायला गेला, तेव्हा निरोप झाला. पास होऊन आला, तेव्हा पेढ्यांऐवजी आईने गिऱ्हाइकांच्या कपड्यांना फुकट इस्त्री करून दिली. धाकट्याचं तर दरवर्षी जाणं आणि दरवर्षी येणं. ती कुठे गेलीच नाही, म्हणून कधी आलीही नाही. भिंतीच्या आत उभं राहण्याची काय गोष्ट सांगणार?

"मी काय सांगू, वहिनी? मी इथंच होते."

"मग सवयी सांग. त्या तूच जाणतेस."

थोरल्याने रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. सवयी म्हटल्यावर मात्र मधली बोलू लागली, आणि दोघे भाऊ बघतच राहिले. आईला चहा कोमट लागतो, वाफ दिसली की ती घाबरते. टॉवेलची घडी तिहेरीच हवी. चौपदरी दिसली तर उलगडून पुन्हा घालत बसते. आंघोळीला आधी पाय, मग हात, डोक्यावर एकदम पाणी घ्यायचं नाही. पांढऱ्या चादरीवर पांढरी उशी ठेवलीत, तर तिला उशी दिसत नाही. 'घरी जायचंय' म्हणाली तर 'हेच घर' म्हणू नका, दाराशी नेऊन परत आणा, तेवढ्याने भागतं. रागावली तर हातात रुमाल द्या, घड्या घालते आणि निवळते.

टक टक. मधली उठली, आईच्या तोंडावर येणारी तिरीप शटर थोडं ओढून अडवली, परत येऊन बसली. "आणि दूध देताना..."

"एक मिनिट," थोरला म्हणाला. "ते टकटक मध्ये घुसतंय. ऐकणाऱ्याला वाटेल, कोणीतरी सुतारकाम करतंय. तिच्या हाताखाली काहीतरी मऊ ठेव बघू."

हे काम मधलीचंच. तिने कपाटातून टॉवेल काढला, तिहेरी घडी घातली, कडा हाताने दाबून सरळ केल्या आणि आईचे हात उचलून अलगद त्याच्यावर ठेवले. मग ती पुन्हा बोलू लागली. दुधाचं सांगितलं, औषधाच्या गोळ्या केळ्यात कशा लपवायच्या ते सांगितलं. काही म्हणजे काही राहू द्यायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं.

आईने टॉवेलवर दोनदा वाजवलं. आवाज झाला नाही. मधली बोलत होती. आईने पुन्हा वाजवलं, आणि मान वळवून लाकडी भिंतीकडे पाहिलं. थोडं थांबून आणखी दोनदा वाजवलं.

"आत कोणी आहे का?" तिने विचारलं.

"आत कोणी नाही, आई. आम्ही सगळे बाहेरच आहोत, हे काय," धाकटा म्हणाला.

आईचा चेहरा पडला. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली, त्या नजरेत ओळख नव्हती. "मग दुकान बंद करा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"दमल्या," वहिनी म्हणाली. "पुरे करा आता."

थोरल्याने रेकॉर्डिंग थांबवलं. भरपूर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आई निमूट गेली. दोन बाजूंना दोन मुलगे, अंगावर नवी शाल, कुठेतरी मानाने बोलावल्यासारखी ती गाडीत बसली. दार लावता लावता तिने मधलीकडे वळून पाहिलं. "बाई, दुकानावर लक्ष ठेवा," ती अदबीने म्हणाली. मधलीने मान हलवली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर भाऊ आपापल्या वाटेला लागले. वहिनी तेवढी दाराशी थांबली, मधलीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि काही न बोलता गेली.

पहिले काही दिवस मधली नुसती झोपली. झोपेतही मध्येच उठून बसायची. मग कशाला उठलो ते कळायचं नाही. घर इतकं शांत, की तिला बसवेना. शेवटी एका सकाळी तिने दुकान झाडायला घेतलं. भिंतीच्या आत, इस्त्रीच्या टेबलावरची धूळ पुसत असताना मेट्रनबाईंचा फोन आला.

"अगदी छान आहेत हो तुमच्या आजी," बाई भरभर बोलत होत्या. "मुलांचे आवाज लावले की हसतात. ते टेबलक्लॉथचं तर आमच्या मुलींनाही पाठ झालंय. तुम्ही सांगितलेलं सगळं लागू पडतंय, कोमट चहा, टॉवेलची घडी, सगळं. एकच त्रास आहे. त्या टेबल वाजवतात."

"वाजवतात?"

"दोनदा. मग थांबतात, कानोसा घेतात. मग पुन्हा दोनदा. दिवसभर हेच. बाकीचे आजी-आजोबा वैतागतात हो. तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी म्हणतंय ना, हाताखाली मऊ ठेव म्हणून, तसा आम्हीही टॉवेल ठेवला. तर आता तो फेकून देतात आणि वाजवतात. पेरं सोलवटलीत. डॉक्टर म्हणाले, गुंगीची गोळी सुरू करू. म्हटलं, आधी घरी विचारावं, हे कशामुळे असेल?"

मधलीचा एक हात फळीवर होता. तिने त्या हाताकडे पाहिलं. इतकं सगळं सांगितलं, गोळी केळ्यात लपवायचंसुद्धा सांगितलं, आणि हे राहिलं. ही आईची सवय आहे असं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या लेखी ते म्हणजे आपलं उठणं होतं. आणि तो टॉवेल. तो तर तिने स्वतःच्या हाताने घडी घालून ठेवला होता, कडा दाबून.

"टॉवेल काढा," ती म्हणाली. "मी येते. आत्ता निघते."

"अहो, नको. आत्ता कुठे रुळतायत. तुम्हाला बघून सगळं पहिल्यापासून सुरू होईल. आमच्याकडे नियम आहे तो."

"मग फोन टेबलावर ठेवा. त्यांच्या हाताजवळ. खाली कापड नको, उघड्या लाकडावर."

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, कोणीतरी खोकलं. मग आलं, टक टक. इतकं जवळून, की मधलीला ते तळहातात लागल्यासारखं वाटलं. तिने फोन फळीवर ठेवला आणि पेरांनी एकदा वाजवलं.

पलीकडे सगळं थांबलं.

"आहे," आईचा आवाज आला. दुकानातला, जुना, खणखणीत. "आहे आत."

"कोण आहे आत, आजी?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"माझी पोर," आई म्हणाली. त्यात ना नवल होतं, ना प्रेमाचा उमाळा. गिऱ्हाइकाला सांगावं तसं साधं सांगणं. "आत्ता येईल. तुम्ही बसा."

मधलीने तोंडावर हात दाबून धरला. फोनवर मेट्रनबाई परत आल्या, त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "अगं बाई, शांत बसल्या की! हात मांडीवर घेऊन दाराकडे बघतायत. पण त्यांना मुलगी आहे असं कोणीच कसं बोललं नाही हो? सगळं रेकॉर्डिंग ऐकलं मी, मुलीचा उल्लेख नाही कुठे."

"राहून गेलं," मधली म्हणाली.

"बरं, मग असं करा ना. ते तुम्ही आता एकदा वाजवलंत, तेवढंच रेकॉर्ड करून पाठवा. त्या वाजवतील तेव्हा आमच्या मुली लावतील. मग गोळीही नको नि काही नको. वाट बघत शांत बसतील."

बोलणं चालू असतानाच मागून पुन्हा टक टक ऐकू आलं. या वेळी घाई नव्हती. आत माणूस आहे हे ठाऊक असलेल्याचं ते वाजवणं होतं.

"पाठवते," मधली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग तिने फळीवरची धूळ पुन्हा एकदा पुसली. मोबाइल उताणा ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एकदा वाजवलं. एवढंच पाठवायचं होतं. आले. आईला ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगत होती, आणि आई ते दर वेळी खरं मानणार होती.